तळ्याला भरती नसते

कयाक घेऊन धरणांच्या फुगवट्यावर गळ टाकायला जाणाऱ्या सर्व हौशी मित्रांना,

स. न. वि. वि.

पाण्याच्या कडेला गाडी लावून टपावरची कयाक उतरवताना आपण एकमेकांना नावानं कमी आणि कयाकच्या रंगानं जास्त ओळखतो. मी निळीवाला. रविवारी पहाटे भिगवणच्या अलीकडे चहाला थांबतो तेव्हा चार-पाच गाड्यांच्या टपांवर पिवळ्या, केशरी, हिरव्या कयाक दिसतात आणि बरं वाटतं. दहा वर्षांपूर्वी हा नाद करणारा मी एकटाच वेडा आहे असं घरच्यांना वाटायचं. आता निदान वेडे अनेक आहेत हे दाखवता येतं.

पण गेल्या दोन हंगामांत त्या कयाकच्या मागच्या क्रेटमध्ये आणखी एक वस्तू दिसायला लागली आहे. नायलॉनचं, बारीक आसाचं (म्हणजे बारीक भोकांचं), कडेला शिशाचे मणी ओवलेलं फेकजाळं. पहाटे आधी कडेच्या उथळ पाण्यात चार फेका, बादलीत जिवंत आमिष, आणि मग आत जाऊन मरळीला, शिंगाळ्याला गळ. यातल्या सहा-सात जणांना ते जाळं फेकायला मीच शिकवलंय, पार्किंगमधल्या सिमेंटवर, कोरडं. म्हणून हे पत्र लिहिणंही माझ्याकडेच येतं.

सांगायचं एवढंच आहे की धरणात, तलावात आमिषासाठी जाळं फेकणं आपण थांबवूया. रॉड वापरा, रील वापरा, हवा तेवढा वेळ बसा. जाळं मात्र नको. आता हे मी कसं शिकलो ते सांगतो, कारण नुसतं 'नको' म्हटलेलं मी स्वतःही कधी ऐकलेलं नाही.

मी मूळचा रायगडचा, खाडीकाठचा. आमच्याकडे या जाळ्याला पाग म्हणतात आणि तो टाकायला जाण्याला पागायला जाणं. मला काकानं शिकवलं. दोरीचा फास डाव्या मनगटात, पागाच्या चुण्या त्याच हातात, एक पदर कोपरावर, कडेचा एक मणी दातात, आणि मग कमरेतून गिरकी. दात नेमका कधी सोडायचा यात सगळी विद्या. वेळेवर सुटला तर पाग ताटासारखा गोल पडतो, नाहीतर ओल्या धोतरासारखा धप्पकन. शिशाची ती खारट, चिखलाची चव अजून माझ्या तोंडात आहे. (शिसं दातात धरू नये हे नंतर कळलं. आता मी कड खांद्यावर टाकतो, तुम्हीही टाका.)

खाडीत पागताना हा मासा कुणाचा, असा विचार कधी मनात आला नाही. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाजणाच्या (भरतीचं पाणी शिरतं त्या खाऱ्या दलदलीच्या) तोंडाशी उभं राहायचं, मागे राहिलेल्या पाण्यात बोयटं आणि कोळंबी मिळायची. त्यातली जिवंत कोळंबी जिताड्याच्या गळाला, उरलेली घरी. सहा तासांनी भरती यायची आणि दर्या पुन्हा सगळं भरून ठेवायचा. आज आपण काढलं, उद्या शेजारी काढेल, हिशेब ठेवायचा कुणी? (आता खाडीही तशी राहिलेली नाही, पण ते वेगळं पत्र होईल.)

तोच पाग, तेच हात घेऊन मी उजनीवर गेलो.

सप्टेंबरचा रविवार होता. 'उजनी प्लसमध्ये', म्हणजे धरणाचं पाणी मृतसाठ्याच्या वर आलं, म्हणून सोलापूरकरांचे पेढे वाटून झाले होते. पाणी वर चढून कडेचं गवत बुडालं होतं आणि त्या गवतात बारकी मासळी चुळबुळत होती. कयाक चिखलाला टेकवून मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि एकच पाग टाकला. काय सांगू, खाडीतही इतका सुंदर पडला नसेल. ओढला तर जड. चार बोटं लांबीची चांदीसारखी पिल्लं, पागाच्या आसात अडकून तडफडत होती. चिलापी (तिलापिया) समजून मी बादलीत भरली. चिलापीचं काय, ती उदंड.

वेळूच्या काठीनं होडी रेटत एक म्हातारे गृहस्थ आले. तिथल्या मच्छीमार संस्थेचे जुने सभासद. ओरडले नाहीत. बादलीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दादा, ही कशापायी धरली?"

"आमिषाला, तात्या. चिलापीच आहेत की."

"चिलापीच्या पाठीवर काटं असत्यात. हात फिरवा बरं."

मी एक उचललं, अंगठा शेपटीकडून डोक्याकडे नेला. चिलापी असती तर टोचली असती. पाठ मऊ लागली, रेशमासारखी.

"तोंड बगा. वर वळलंय न्हवं? डोस्कं बगा केवढं हाय. ह्यो कटला. धा दिस झालं सोडून."

त्यांनी बादली मागून घेतली, होडीच्या कडेला पाण्यात निम्मी बुडवली, आडवी केली आणि थांबले. काही पिल्लं बाहेर गेली. काही आडवी होऊन तरंगली, मग सावरली आणि गेली. उरलेली पांढरं पोट वर करून तशीच राहिली. ती त्यांनी एकेक करून मोजली. त्रेचाळीस. मग बादली मला परत देऊन म्हणाले, "आता ह्या न्या. आमिषालाच पायजे व्हत्या ना?"

त्या दिवशी मी गळ टाकला नाही.

आता ते 'सोडून' म्हणजे काय ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मलाही नव्हतं. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालायला सहसा तयार होत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं नदीचं पाणी लागतं. भिंत घालून नदीचं तळं केलं की मासा वाढतो, पण पुढची पिढी पुरेशी होत नाही. पूर्वी नद्यांतून मत्स्यजिरे, म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं, गोळा करून आणावे लागत. मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं. १० जुलै हा आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यासाठीच. तेव्हापासून तळ्यात बीज सोडता येतं. पण ते आणायचं असतं. जिऱ्याएवढ्या पिल्लाची बोटाएवढी बोटुकली होईपर्यंत ते सांभाळायचं असतं. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून, रात्रीच्या गारव्यात, ट्रकमधून ते येतं. पिशवी आधी तळ्यात तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार-गरम झालं की मग तोंड सोडायचं, घाई केली तर तिथंच मरतं. हे सगळं तलाव ठेक्यानं घेतलेल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या पैशातून किंवा शासनाच्या. आणि त्यानंतर पाणकावळे आहेत, बगळे आहेत, शिंगाळा आहे, मरळ आहे. त्यातून जगलेला कटला वर्षभरात किलोभर होतो आणि कुणाच्या तरी घरात पैसे येतात.

या सगळ्या यादीत शेवटी आपण. बादली घेऊन.

मी बीज चोरलं, असा शब्द तात्यांनी वापरला नाही. पण दुसऱ्याच्या वाफ्यातली कोथिंबीर उपटून तिनं स्वतःच्या भाजीला फोडणी देणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते मला माहीत आहे.

कुणी म्हणेल, आमच्या चार बादल्यांनी एवढ्या मोठ्या धरणाचं काय बिघडणार? ११७ टीएमसीचं पाणी आहे! पण पाणी ११७ टीएमसी असलं तरी बोटुकली आत खोल पाण्यात बसत नाही. ती असते कडेच्या दोन-तीन फुटांत, गवतात, जिथं ऊब आणि खाणं असतं. आपण जाळं टाकतो ते नेमकं तिथंच. शिवाय उजनीवर बारीक आसाच्या वडाप जाळ्यांविरुद्ध तिथलेच मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडताहेत. त्यांनी आपल्याच भाऊबंदांशी भांडण घेतलंय. अशा वेळी पुण्याहून गाडी घेऊन आलेला माणूस त्याहून बारीक आसाचं जाळं 'हौस' म्हणून फेकतो तेव्हा वडापवाल्याला आयतं उत्तर मिळतं: आधी ह्यांना सांगा.

मरळीबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिथं आपण जास्त वाईट वागतो. मरळीची पिल्लं तुम्ही पाहिली असतील. पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर पुंजका, मुठीएवढा, मग टोपलीएवढा, सतत हलणारा, जणू कुणी कुंकू पाण्यात सांडलंय. त्या पुंजक्याखाली आई-बाप पहारा देत असतात. पिल्लं श्वासाला वर येतात, ते खालून राखतात. ज्याला हे माहीत आहे त्याला आमिष आणि सावज दोन्ही एकाच जागी सापडतं. मागच्या पावसाळ्यात आपल्यातल्या एका गटानं त्या पुंजक्यावर जाळं टाकून सगळी पिल्लं काढली, त्यातलीच दोन गळाला लावली, आणि आई चिडून आली ती ओढली. फोटोत सात किलोची मरळ आहे आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले आहेत. मीही दाखवला होता. फोटोत पुंजका दिसत नाही.

जिवंत आमिषाची दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे, कारण ती एका धरणापुरती राहत नाही. सकाळी एका तळ्यावर पकडलेली पिल्लं आपण बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावून दुपारी दुसऱ्या तळ्यावर नेतो. संध्याकाळी उरलेली 'जीव आहे बिचाऱ्यांना' म्हणून पाण्यात सोडतो. दया दाखवल्याचं समाधानही मिळतं. चिलापी भारतात आणली गेली ती १९५२ मध्ये. आज ती कुठे नाही ते सांगा. तिची मादी अंडी तोंडात धरते, पिल्लंही संकट आलं की तिच्या तोंडात शिरतात. म्हणजे बादलीतली एक चिलापी ही एकच असेल असं समजू नका. थाई मांगूर म्हणून जो आफ्रिकन मासा येतो त्यावर देशात बंदी आहे, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर आपल्याकडे त्याची तळी रिकामी करून मासे नष्ट करावे लागले होते. आणि शोभेच्या टाकीतून सुटलेला तो खरखरीत काळा सकर मासा उजनीच्या जाळ्यांत येतो, जाळं फाडतो, खाता येत नाही, विकता येत नाही. या तिन्हींची पिल्लं पहाटेच्या अंधारात, हेडटॉर्चच्या उजेडात, तुम्ही ओळखू शकाल? मी भर उजेडात कटला ओळखू शकलो नाही.

एक बारकी गोष्ट, थोडी विषयांतराची. १८३९ मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. नावं देताना त्यानं इथलीच मराठी नावं लॅटिनला जोडली. त्यामुळे आजही जगभरच्या प्राणिशास्त्रात शिंगाळा 'सीनघाला' आहे, आपला महासीर 'खुद्री' आहे, आणि नदीच्या दगडांना चिकटून राहणारा बोटभर मळ्या चक्क 'मुल्ल्या' आहे. तो परका माणूस कडेला उभा राहून प्रत्येक बारक्या माशाचं नाव विचारत होता. आपण त्या सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवलंय, 'बेट'.

आता जाळ्याचं आणि कयाकचं. कुणाला मासळीची फिकीर नसेल त्याला निदान स्वतःची असेल. पाग उभ्यानं टाकायची वस्तू आहे. बसल्या जागी, अडीच फूट रुंदीच्या प्लास्टिकवर, गिरकी येत नाही. मग आपण अर्धवट उठतो. मागच्या हिवाळ्यात मी तसाच अर्धवट उठून पाग टाकला आणि तो खाली बुडालेल्या बाभळीत अडकला. धरणाच्या पोटात झाडं आहेत, विहिरी आहेत, घरांच्या भिंती आहेत. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं, बाकीचं आतच राहतं. दोरीचा फास मनगटात. वाऱ्यानं कयाक एकीकडे, हात दुसरीकडे. पुढच्या क्षणी मी पाण्यात होतो, मनगट खाली ओढलेलं, आणि वल्हं माझ्याशिवाय करमाळ्याच्या दिशेनं निघालेलं. लाइफ जॅकेट अंगात होतं आणि चाकू छातीवर होता म्हणून हे पत्र लिहितोय. दोरी कापली. पाग अजून त्या बाभळीत असेल, आणि नायलॉन कुजत नाही, म्हणजे तो अजूनही मासे धरत असेल, कुणासाठीही नाही. पाणकावळाही त्यात शिरला असेल.

उजनीचा वारा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वळिवाच्या वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. रोजच्या येण्या-जाण्याची वाट होती ती. आपण तर तिथले पाहुणे.

मग आमिष आणायचं कुठून? माझ्यापुरतं मी असं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी तात्यांना फोन करतो. त्यांच्या नेहमीच्या जाळ्यात चिलापीची बारकी पोरं येतातच, त्यांना बाजारात भाव नाही. ती ते माझ्यासाठी बाजूला ठेवतात, बहुतेक मेलेली. मी पैसे देतो. पहिल्यांदा ते घेईनात, मग म्हणाले, चहाचं द्या. आता दर ठरलाय आणि तो चहापेक्षा बरा आहे. मेलेली चिलापी कापून लावली तर शिंगाळा जिवंतापेक्षा लवकर येतो, वासावर. वामेला गांडूळ. रोहू-मृगळाला कणकेचा गोळा, त्यात भाजलेलं शेंगदाण्याचं कूट, हे तर आपल्या आजोबांच्या पिढीलाही माहीत होतं. आणि मरळीला रबरी बेडूक फेकून पाहा. पाण्यावरून तो ओढताना ती ज्या आवाजानं फुटते, तो आवाज जिवंत आमिषावर कधीच ऐकू येत नाही. उरलेलं आमिष परत पाण्यात टाकायचं नाही. खड्डा करून पुरायचं, किंवा कडेच्या कुत्र्यांची सोय करायची.

दोन शब्द तलावांच्या ठेकेदार संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना आणि मत्स्यव्यवसाय विभागालाही, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल अशी आशा आहे. आम्ही येतो ते तुम्हाला दिसतं. कधी तुम्ही हाकलता, कधी शंभराची नोट घेऊन गप्प बसता, कधी पाहुणे म्हणून भाकरी खायला घालता. यातलं काय होणार हे त्या दिवशी कडेला कोण उभं आहे यावर ठरतं. त्यापेक्षा दिवसाची साधी पावती करा. एका पावतीवर दोन गळ, अमुक किलोपर्यंत मासा, जाळं नाही, पावसाळ्यात मासे अंडी घालतात त्या दिवसांत येणं नाही. बीज कोणत्या कडेला सोडलं ते पावतीच्या मागे लिहा, आम्ही तिकडे फिरकणार नाही. आमिष तुम्हीच विका. यातून संस्थेला फार मोठी रक्कम मिळेल असं नाही, पण बोटुकलीच्या दोन-चार पिशव्यांचा खर्च निघाला तरी आमच्या बादल्यांचं थोडं उतराई होता येईल. आणि पावती हातात असली की आम्हीही कडेला कुणी वडाप टाकताना दिसला तर बोलू शकू. आज कुठल्या तोंडानं बोलणार?

माझ्या गटातल्या काहींना हे पत्र आवडणार नाही, ठाऊक आहे. एकानं आधीच विचारलं, "मग आम्ही जाळी घेतली ती काय शोकेसमध्ये ठेवायची?" दोन हजार रुपये गेलेत, राग खरा आहे. त्यांच्यासाठी एक तोड आहे. काकाचा जुना सुती पाग अजून गावी पडवीत खुंटीला आहे. गणपतीनंतर पावसाचा जोर ओसरला की अष्टमी गाठून माझ्यासोबत खाडीवर या. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, शिकायला बरं. सकाळच्या भरतीला पाणी बघू, सुकती लागली की साडेसात-आठला खाजणाच्या तोंडाशी उभे राहू. पायात जुने बूट घाला, कालवं कापतात. जेवण आमच्याकडे. कोळंबी मिळाली तर कोळंबीचं, नाहीतर वालाचं बिरडं.

आपला,
निळ्या कयाकवाला